पेन्शन एकाच्या खात्यात, बिले एकाच्या मोबाईलवर : निवृत्तांच्या घरातला रोजचा पैशाचा व्यवहार कसा लावावा?

दुरेघी वही (धागाकर्ती)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि माझे यजमान पोस्ट खात्यातून निवृत्त झाले आहेत. नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात आम्ही दोघेच राहतो आणि मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. गेल्या वर्षी जे अनुभवले त्यानंतर आमच्या घरातल्या पैशाच्या व्यवहाराची सगळी घडी मी नव्याने बसवली आहे. ती इथे मांडून आपले अनुभव विचारावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

मागच्या मे महिन्यात, कूलरच्या ताट्यांमधला वाळा नुकताच बदलून झाला होता, तेव्हा यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणेही दोन महिने नीट उमटत नव्हते. पहिले आठ दिवस दवाखान्यात गेले, त्यामुळे घराकडे लक्ष देण्याचा प्रश्नच नव्हता. नवव्या दिवशी घरी आल्यावर माझ्या लक्षात आले, की विजेच्या बिलाचा संदेश यांच्या मोबाईलवर येतो, पाण्याच्या बिलाचा त्यांच्याच मोबाईलवर येतो, गॅस सिलिंडरची नोंदणी त्याच क्रमांकावरून होते आणि तो मोबाईल ज्या पॅटर्नने उघडतो तो मला ठाऊकच नाही. बोटाचा ठसा लावून पाहावा, तर त्यांनी उजव्या हाताचा अंगठा नोंदवलेला होता आणि तो हात सुजलेला होता. मी त्यांचा अंगठा पुसून, कोरडा करून, तीन-चार वेळा त्या काचेवर टेकवला आणि प्रत्येक वेळी तो मोबाईल थरथरून बंद झाला. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला आपल्याच घराचे वीजबिल किती आले हे कळू नये, याचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले.

यांचे पेन्शनचे खाते एकट्याच्या नावावर होते. पेन्शन महिनाअखेर नेमाने जमा होत होती, पण ती काढायची कोणी? मी शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने, खातेदाराला इथे घेऊन या किंवा न्यायालयाचा कागद आणा, असे सांगितले. (शाखेचे नाव लिहीत नाही, नंतर तिथल्याच अधिकाऱ्यांनी फार आपुलकीने काम केले.) माझी पेन्शन त्या महिन्यात उशिरा आली आणि औषधांचा खर्च वाढलेला होता, त्यामुळे दीड महिना मी बहिणीकडून उसने घेऊन घर चालवले. आमच्या दोघांच्या खात्यांवर मिळून पुरेसे पैसे असताना ही वेळ आली, ही गोष्ट मला अजून टोचते.

वाट दाखवली ती आमच्याच गल्लीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. आजारी किंवा अपंग झालेल्या खातेदाराला सही करता येत नसेल, तर त्याच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात. त्या ठशाची ओळख बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवावी आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असे रिझर्व्ह बँकेचे मार्गदर्शनच आहे. तसा लेखी अर्ज दिल्यावर चार दिवसांनी शाखेतून एक अधिकारी बाई घरी आल्या. त्यांनी आणलेली शाईची गादी उन्हाने सुकलेली होती. मी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले, यांचा डावा अंगठा धरून गादीवर हलकेच फिरवला आणि कागदावर टेकवला. पहिला ठसा फिसकटला, दुसरा नीट उमटला. त्या बाईंनी त्याखाली सही केली, शेजारच्या वहिनींनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पैसे हातात आले. पुढच्या आठवड्यात त्याच पद्धतीने अर्ज करून ते खाते आम्हा दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ या सूचनेसह, करून घेतले.

आता घडी कशी बसवली आहे ते सांगते. दोघांच्याही पेन्शनची खाती संयुक्त आहेत, आणि त्या खात्यांना यूपीआय जोडलेले नाही. तिसरे एक साधे बचत खाते आम्ही ‘बिलांचे खाते’ म्हणून ठेवले आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शनच्या खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप तिकडे जावी, अशी स्थायी सूचना बँकेला दिलेली आहे. मोबाईलवरून जो काही भरणा होतो तो या एकाच खात्यातून होतो, त्यामुळे कोणी फसवलेच तरी त्या खात्यात आहे तेवढेच जाईल आणि म्हातारपणाची पुंजी हलणार नाही. यांच्या मोबाईलचा पॅटर्न बदलून मला येणारा ठेवला आहे. विजेच्या आणि पाण्याच्या जोडणीवर माझाही मोबाईल क्रमांक कळवता येतो का, ते त्या-त्या ठिकाणी विचारून घेतले.

आणि एक लांबट दुरेघी वही केली आहे. डाव्या पानावर महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, पाण्याच्या जोडणीचा क्रमांक, महानगरपालिकेच्या मालमत्ता कराचा क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक आणि विमा पॉलिसीचे क्रमांक लिहिले आहेत. उजव्या पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखले आहेत आणि बिल भरले की तारीख, रक्कम आणि ते कशाने भरले हे त्यात लिहायचे, असा शिरस्ता ठेवला आहे. पिन किंवा पासवर्ड त्या वहीत एकही नाही. ही वही स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या फळीवर असते, कारण कपाटात ठेवलेली वही रोज लिहिली जात नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की घरातल्या दोघांपैकी जो हा व्यवहार पाहत नाही, त्याला उद्या सकाळी तो एकट्याने चालवता आला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक घरांत ही गोष्ट एकाच डोक्यात असते. आपण कशी सोय केली आहे, आणि माझ्या व्यवस्थेत काय राहून गेले आहे, ते कृपया लिहावे.

---

जुना रोखपाल

आपण फार मोलाचा विषय मांडला आहे. बँकेत मी ३४ वर्षे काढली आणि त्यातली बरीचशी काउंटरवर, त्यामुळे समोर पासबुक घेऊन उभी असलेली आणि काय विचारावे हेच न कळणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. काही गोष्टी आपल्या हक्काच्या आहेत, पण त्या मागाव्या लागतात, म्हणून लिहितो.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी ज्येष्ठ नागरिकांसाठी बँकांना सूचना दिल्या. सत्तरीपुढच्या आणि आजारी किंवा अपंग खातेदारांना घरी जाऊन रोख देणे-घेणे, डिमांड ड्राफ्ट पोचवणे, केवायसीची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घेणे, या सोयी देण्याचे त्यात सांगितले आहे. वर्षाला किमान २५ चेक मोफत मिळावेत आणि चेकबुक घेण्यासाठी ज्येष्ठांना शाखेत बोलावू नये, हेही त्यातच आहे. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत हयातीचा दाखला देता येतो, म्हणून महालच्या शाखेत पेन्शन आहे आणि राहायला मानेवाड्याला गेलो आहोत, तरी रिक्षा करून महालात जाण्याचे कारण नाही. काउंटरवर नकार मिळाला तर वाद घालू नये. अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती पोच हातात असली की बऱ्याचदा तिथपर्यंत जावेच लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता राहून गेलेल्या गोष्टींकडे येतो. मुदतठेव ‘कोणीही एक किंवा हयात’ अशी असली, तरी मुदतीपूर्वी ती मोडताना बँक दोघांच्याही सह्या मागते. एक जण गेल्यावर मागे राहिलेल्याला ती मुदतीपूर्वी काढता यावी, असे वाटत असेल तर तशी संयुक्त संमती दोघेही असतानाच लिहून द्यावी. पावतीच्या मागे हे छापलेले असेल, असे समजू नये. शाखेत विचारून खात्री करावी. नॉमिनीच्या नोंदीचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि ठेवींसाठी प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो. मात्र नॉमिनी हा पैशाचा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. ज्यांना मालकीच द्यायची आहे त्यांनी मृत्युपत्र करावे.

चेकची जुनी सवय असणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायचे आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात, त्यामुळे सकाळी दिलेला चेक त्याच दिवशी खात्याला लागू शकतो. उद्या पेन्शन जमा होणार म्हणून आज चेक फाडून देण्याची पद्धत आता सोडावी.

धागाकर्त्या ताईंचे यजमान केंद्र सरकारच्या सेवेतले असल्यामुळे संयुक्त खात्याचा आणखी एक उपयोग आहे. पुढे कधी कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली, तर त्याच खात्यात ते घेता येते आणि नवे खाते उघडावे लागत नाही. हे लिहिताना मनाला बरे वाटत नाही, पण काउंटरवर मी पुष्कळ भगिनींना याच एका कारणाने हेलपाटे घालताना पाहिले आहे.

---

इतवारीचा रहिवासी

मी अजूनही विजेचे बिल केंद्रावर जाऊन रोखीने भरतो आणि पावती तारेला लावून ठेवतो. मात्र आता महावितरण एका महिन्यात ५,००० रुपयांपर्यंतच रोख घेते, आणि उन्हाळ्यात दोन खोल्यांत एसी चालला की आमचे बिल त्यावर जाते. त्या दोन महिन्यांत चेक द्यावा लागतो. चेकच्या बाबतीत तो वटेल ती तारीख भरण्याची धरली जाते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मुदतीत लवकर भरल्यास मिळणारी सूट बिलावर तारखेसह छापलेली असते, ती तारीख मी बिल हातात पडताच लाल पेनने गोल करून ठेवतो.

मोबाईल मला येतो, परंतु पैशासाठी वापरायची माझी इच्छा होत नाही. यात काही कमीपणा आहे, असे मला वाटत नाही.

---

अंबाझरीकर

वर कोणी फसवणुकीबद्दल सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून वडिलांच्या बाबतीत घडलेले लिहितो. त्यांना संदेश आला, की मागचे बिल नोंदले गेलेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, तरी या क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोला. मे महिना, घरी आईला दमा, त्यामुळे वडील घाबरले आणि त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत, अतिशय आदराने, ‘काकाजी’ म्हणत बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावले, त्यातून मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागला आणि दहा रुपये भरून पाहा म्हणत पिन टाकायला लावला. अर्ध्या तासात ४३,००० रुपये गेले.

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ही एक ओळ वडिलांना ठाऊक असती तर तो फोन झालाच नसता. म्हणून ती मी आता मीटरच्या पेटीवर चिकटवून ठेवली आहे.

दुसरे असे, की लाजेपोटी त्यांनी दोन दिवस आम्हाला सांगितले नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार नोंदवावी तितकी पुढच्या खात्यांत रक्कम अडण्याची शक्यता अधिक असते. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कोणी केलेली उचल तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवली, तर खातेदारावर तोशीस येत नाही. मात्र आपणच पिन किंवा ओटीपी दिलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच धरले जाते. वडिलांच्या रकमेपैकी ११,००० रुपये परत मिळाले. ताईंनी यूपीआयसाठी वेगळे खाते ठेवले आहे ते मला फार पटले, कारण वडिलांचे यूपीआय पेन्शनच्याच खात्याला जोडलेले होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगून ठेवावे, की फसलात तरी कोणी रागावणार नाही, फक्त त्याच तासात सांगा. आम्ही हे आधी सांगायला हवे होते.

---

पुण्यातली लेक

माझे आईवडील प्रतापनगरला राहतात आणि मी पुण्यातून त्यांची सगळी बिले भरत असे. ग्राहक क्रमांक एकदा ॲपमध्ये घातला की बिल आपोआप दिसते, त्यामुळे त्यांना त्रास नको म्हणून मीच भरून टाकायचे. त्यातून एक गोष्ट अशी झाली, की बाबांनी बिल पाहणेच सोडले. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडून पाणी रात्रभर वाहून जात होते, पाण्याचे बिल जवळजवळ तिप्पट झाले आणि मी ते तीन वेळा न पाहता भरले. घरात राहणाऱ्या माणसाच्या नजरेखालून बिल गेले असते, तर पहिल्याच वेळी कळले असते.

आता पद्धत बदलली आहे. बाबा बिल वाचतात, रक्कम मला फोनवर सांगतात आणि भरतात आईच्या मोबाईलवरून. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय वापरली आहे. तिच्यात माझ्या खात्यातून आईला ठरावीक मर्यादेत पैसे देता येतात. एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत ती स्वतः भरू शकते किंवा प्रत्येक वेळी माझी मंजुरी लागेल असेही ठेवता येते. आम्ही पहिला प्रकार ठेवला. भाजीच्या पैशासाठी आईने मुलीच्या मंजुरीची वाट पाहावी, हे मला योग्य वाटले नाही.

धागाकर्त्या काकूंना एक विचारायचे आहे. विजेच्या बिलाला ऑटो-पे का लावले नाही? आजारपणात दवाखान्यात असताना बिल आपोआप भरले गेले असते.

---

धंतोली सायंफेरी

ठेवींच्या अंगाने थोडे लिहितो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर व १ जानेवारीला जमा होते. मालमत्ता कर सहामाही असल्यामुळे आम्ही एप्रिल आणि ऑक्टोबरचे व्याज त्यासाठीच राखून ठेवतो. कर थकल्यास दरमहा दोन टक्के शास्ती लागते, आणि पेन्शनरांच्या घरी ती बहुधा पैशाअभावी लागत नाही, विसरल्यामुळे लागते.

ज्यांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेसाठी मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवल्याने ती चौपट होत नाही. आमच्या फिरण्याच्या गटात दोघांचा असा समज होता.

---

वर्धा रोड

हयातीच्या दाखल्याबद्दल लिहायचे राहिले. माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत आणि बोटांच्या रेघा झिजल्यामुळे त्यांचा ठसा यंत्रावर कधीच उमटत नाही. गेली तीन वर्षे मी मोबाईलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ करते. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीकडे तोंड करून बसवले, चश्मा काढला आणि डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतला की पहिल्याच वेळी होते. संध्याकाळी दिव्याखाली मात्र तीनदा करूनही झाले नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टळते. ज्यांच्याकडे तसा मोबाईल नाही त्यांच्या घरी पोस्टमन येऊन ७० रुपयांत करून देतो.

---

दुरेघी वही (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. ‘पुण्यातली लेक’ यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ऑटो-पे न लावण्याचे कारण तुझ्या बॉलकॉकच्या अनुभवातच आहे. नागपुरात जानेवारीचे आणि मेचे वीजबिल यांत कित्येक पटींचा फरक असतो, आणि ज्या बिलाची रक्कम दर महिन्याला बदलते ते माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय भरले जाऊ नये, असे मला वाटते. तरी दवाखान्यातल्या आठ दिवसांचा तुझा मुद्दा खरा आहे. म्हणून मी एक मधला मार्ग काढला आहे. विम्याचा हप्ता आणि इंटरनेटचे बिल, ज्यांची रक्कम ठरलेली असते, त्यांना ऑटो-पे लावले आहे, आणि विजेसाठी पुढच्या महिन्याच्या अंदाजाची रक्कम आगाऊ भरून ठेवली आहे. दोघेही आडवे झालो तरी एक महिना निभावेल.

रोखपाल साहेबांनी लिहिल्यावर मुदतठेवींच्या पावत्या काढून पाहिल्या. पाचपैकी एकाही ठेवीवर तशी संमती दिलेली नव्हती. सोमवारी शाखेत जाऊन पाचही ठेवींचे अर्ज दिले आणि पोच घेतली. अंबाझरीकरांच्या घरची ती कलम ५६ ची ओळ आमच्याही मीटरच्या पेटीवर लावली आहे.

यांच्याबद्दल सांगायचे तर आता बोलणे पुष्कळ सुधारले आहे. रोज दुपारी चहा झाल्यावर त्या वहीच्या मागच्या पानांवर ते डाव्या हाताने सही गिरवतात. पहिल्या पानांवरची अक्षरे माझ्या पहिलीच्या मुलांसारखी होती, पण आता आडनाव एका रेषेत येते. पोस्टात तीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या पडताळलेल्या माणसाला अंगठा लावणे मनातून फार लागते, हे मला माहीत आहे. ही डाव्या हाताची सही बँकेत नवी नमुना स्वाक्षरी म्हणून नोंदवता येईल का, आणि त्यासाठी काय न्यावे लागेल, एवढे रोखपाल साहेबांनी कळवावे.

---

जुना रोखपाल

अवश्य नोंदवता येईल. स्वाक्षरी बदलण्याचा अर्ज शाखेत मिळतो. त्यासोबत पासबुक, आधार, पॅन, एक छायाचित्र आणि डॉक्टरांचा छोटा दाखला न्यावा. दाखला प्रत्येक शाखा मागत नाही, पण जवळ असलेला बरा. अधिकाऱ्यासमोर दोन-तीन वेळा सही करावी लागते आणि तिन्ही सह्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, म्हणून आणखी पंधरा दिवस गिरवू द्या आणि सही छोटी ठेवा, पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे आणि आडनाव पुरे. सकाळी साडेदहाच्या आत जा, त्या वेळी अधिकारी मोकळे असतात आणि खुर्चीही मिळते. स्वाक्षरी कोणत्या खात्यांना लागू करायची ते अर्जात लिहावे लागते, त्यात बिलांच्या खात्याबरोबर मुदतठेवींचे क्रमांकही घालायला विसरू नका.